कोयना-वारणेची भूमी : जगाची प्रयोगशाळा

(द्वितीय वर्ष, कला)

वारणेच्या अलीकडे सांगली जिल्हा आणि पलीकडे कोल्हापूर जिल्हा. नकाशावरची ही रेषा आम्ही शिराळा तालुक्यातील माणसे बाजाराला, सोयरिकीला आणि उसाच्या गाडीबरोबर सतत ओलांडत असतो. पण निदान ती आम्हाला ठाऊक तरी असते. जमिनीखालून धावणाऱ्या लाटेला ती मुळीच ठाऊक नसते. सह्याद्रीच्या पोटात कोठेतरी खडक सरकतो आणि सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या चारही जिल्ह्यांतील मांडणीवरची भांडी एकाच वेळी वाजू लागतात. धक्का मोठा असेल तर काही मिनिटांतच त्याची नोंद जपान, जर्मनी आणि अमेरिकेतील यंत्रांवरही उमटते.

म्हणूनच भूकंपाचे शास्त्र कोणत्याही एका देशाला एकट्याने पूर्ण करता येत नाही. राष्ट्राराष्ट्रांतील वैज्ञानिक सहकार्य हा विषय आपण बहुधा अवकाशयाने व अणुशक्ती यांच्या संदर्भात ऐकतो. वस्तुतः त्याचे एक बोलके उदाहरण आपल्या दाराशीच घडले आहे आणि अजून घडत आहे. त्याची ओळख आपल्या महाविद्यालयीन मित्रमैत्रिणींना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

११ डिसेंबर १९६७

सोमवारची पहाट, चार वाजून एकवीस मिनिटे. कडाक्याच्या थंडीत माणसे गाढ झोपेत असताना कोयना खोऱ्यात ६.३ प्रतीचा भूकंप झाला. कोयनानगरातील बहुतेक घरे पडली अगर मोडकळीस आली. सुमारे दोनशे माणसे मृत्युमुखी पडली आणि दीड हजारांहून अधिक जखमी झाली. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण उभे राहिले खरे, परंतु त्याच्या उंच भागांना तडे गेले.

या घटनेने शास्त्रज्ञ चकित झाले, त्याचे कारण असे की, दख्खनचे पठार हा पृथ्वीच्या कवचाचा अतिप्राचीन व स्थिर भाग असून तेथे मोठा भूकंप संभवत नाही, असेच तोवर मानले जात होते. धरणाचा आराखडा करताना भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या अवघा पाच टक्के धरलेला होता. धरणात बसवलेल्या यंत्राने त्या पहाटे जी नोंद केली ती साठ टक्क्यांहूनही अधिक निघाली.

आणखी एक गोष्ट होती. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत शिवाजीसागरात पाणी साठू लागले आणि त्यानंतर लवकरच त्या परिसरात लहान धक्के जाणवू लागले. पुण्याजवळच्या खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने भूकंपमापक बसवून त्यांच्या नोंदी घेतल्या होत्या. १९६७ च्याच सप्टेंबरमध्ये पाचपेक्षा अधिक प्रतीचा एक धक्का येऊन गेला होता. तेव्हा प्रश्न उभा राहिला तो हा : पाण्याचा आणि भूकंपाचा काही संबंध आहे काय?

आजीचा प्रश्न

हाच प्रश्न आमच्या घरात माझी आजी वेगळ्या शब्दांत विचारते. त्या पहाटे ती आठ-नऊ वर्षांची होती. माणसांनी गुरे सोडली, पोरे उचलली आणि पुढे कित्येक रात्री सारा गाव खळ्यावर झोपला, असे ती सांगते. आमच्या घराच्या मागच्या भिंतीत तेव्हा पडलेली चीर मातीने लिंपलेली आहे. प्रत्येक मोठ्या धक्क्यानंतर ती पुन्हा उघडते आणि आई ती पुन्हा लिंपते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे धक्का बसला की आजीचा मोर्चा माझ्याकडे वळतो. "आगं, एवढी बुकं वाचतीयास, मग सांग की, ही भुई का हालतीया? धरणानं का देवानं?"

भूगोलाच्या पुस्तकात या प्रश्नाला दोन ओळी आहेत. तेवढ्याने आजीचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. मग ग्रंथालयातून मिळेल ते वाचत गेले. तेव्हा ध्यानात आले की, आजीच्या या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पाच खंडांतील माणसे गेली अनेक दशके राबली आहेत.

एकाचा योगायोग, चौघांचा पुरावा

एका धरणात पाणी भरले आणि तेथे भूकंप झाला, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तो योगायोगही असू शकेल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसे. योगायोग नाही हे दाखवायचे तर तशीच घटना अन्यत्र घडली आहे काय, हे पाहावे लागते. आणि एका देशात अशी उदाहरणे फारशी सापडत नाहीत. येथेच परस्पर सहकार्याची गरज लागते.

अमेरिकेत हूवर धरणामागच्या मीड सरोवरात १९३५ पासून पाणी साठू लागले. तेथे नंतर धक्के वाढल्याचे कार्डर या शास्त्रज्ञाने १९४५ मध्ये मांडले होते. चीनमधील शिनफेंगजियांग जलाशयाजवळ मार्च १९६२ मध्ये ६.१ प्रतीचा भूकंप झाला आणि तेथील धरणालाही वरच्या भागात तडा गेला. आफ्रिकेत झांबेझी नदीवरील करिबा जलाशयाजवळ सप्टेंबर १९६३ मध्ये, तर ग्रीसमधील क्रेमास्टा जलाशयाजवळ फेब्रुवारी १९६६ मध्ये सहापेक्षा अधिक प्रतीचे भूकंप झाले. त्यानंतर आले कोयना. जलाशयाशी निगडित भूकंपांत आजवरचा सर्वांत मोठा म्हणून कोयनेचाच उल्लेख होतो.

चीन, आफ्रिका, ग्रीस आणि भारत! चार ठिकाणचे खडक, हवामान आणि राज्यव्यवस्था यांत काहीच साम्य नाही. समान धागा एकच, तो म्हणजे नव्याने भरलेला खोल जलाशय. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील भूकंपशास्त्रज्ञ जाँ-पियेर रोते यांनी १९६८ मध्ये ही उदाहरणे एकत्र मांडून जगाचे लक्ष वेधले. युनेस्कोने मोठ्या जलाशयांशी निगडित भूकंपांच्या अभ्यासासाठी कार्यगट नेमला. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेतील हर्ष गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये या निरनिराळ्या जलाशयांवरील धक्क्यांची समान लक्षणे दाखवून दिली. गुप्ता आणि रस्तोगी यांचा धरणे व भूकंप या विषयावरील ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे सर्व कोणत्या काळात घडत होते, याचाही विचार करावा. १९६२ साली चीनमध्ये तो भूकंप झाला आणि त्याच वर्षी आपले चीनशी युद्ध झाले. एकीकडे अमेरिका व रशिया यांचे शीतयुद्ध चालू होते. पण त्या शीतयुद्धातूनही एक चांगली गोष्ट निपजली. दुसऱ्या देशाने जमिनीखाली केलेले अणुस्फोट ओळखता यावेत म्हणून अमेरिकेने १९६० नंतर जगभर एकाच धाटणीचे भूकंपमापक बसवले. अशी शंभराहून अधिक केंद्रे झाली आणि त्यांत आपले पुणेही होते. या केंद्रांच्या नोंदींच्या प्रती कोणत्याही शास्त्रज्ञाला मागवता येत. हेतू संशयाचा होता, परंतु फळ मात्र साऱ्या मानवजातीला मिळाले. एकाच मापाची यंत्रे जगभर असल्यामुळे कोठल्याही देशातील भूकंप दुसऱ्या देशातील भूकंपाशी प्रथमच नीट ताडून पाहता आला.

पाणी चाप ओढते

आता मुख्य प्रश्न. पाण्याने भूकंप कसा होईल? "एवढ्या पाण्याचं वजन पडल्यावर भुई दबंल न्हाई तर काय?" असे आमच्याकडे म्हणतात. वजनाचा काही परिणाम होतो हे खरे, पण सगळे रहस्य त्यात नाही. धरणातील पाण्याच्या भाराच्या मानाने खाली कित्येक किलोमीटरवर खडकात साठलेला ताण फारच मोठा असतो.

जात्याच्या दोन तळ्या डोळ्यांपुढे आणा. वरची तळी आपल्या भाराने खालचीवर घट्ट बसलेली असते. ती सहज सरकत नाही, कारण दोन्हींमध्ये घर्षण आहे. भूगर्भातही अशाच जुन्या भेगा असतात. भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक निरनिराळ्या दिशांनी सरकू पाहतात, पण घर्षण त्यांना धरून ठेवते. जलाशय भरला की त्यातील पाणी फटीफटींतून खाली झिरपते आणि त्याचा दाब भेगेपर्यंत पोहोचतो. हे दाबलेले पाणी दोन्ही खडकांना एकमेकांपासून किंचित दूर ढकलू लागते. वरच्या तळीचा भार जणू कोणी थोडा उचलून धरला. घर्षण कमी पडते आणि आधीच सरकायला टेकलेला खडक सरकतो. यालाच आपण भूकंप म्हणतो.

या विचाराचा पुरावाही दुसऱ्या देशातून, आणि तोही अनपेक्षितपणे मिळाला. अमेरिकेत डेन्व्हर शहराजवळ लष्कराने १९६२ पासून एका खोल विवरात दूषित द्रव दाबाने सोडण्यास प्रारंभ केला. पाठोपाठ त्या भागात धक्के बसू लागले. पुढे त्याच कोलोरॅडो राज्यातील रेंजली येथील तेलक्षेत्रात १९६९ पासून शास्त्रज्ञांनी मुद्दाम प्रयोग केला. विवरातील पाण्याचा दाब वाढवला की धक्के वाढत आणि दाब उतरवला की ते थांबत.

तेव्हा आजीच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे देता येईल : बंदुकीत दारू निसर्गाने ठासलेली असते, पाणी केवळ चाप ओढते. भेग जुनी नसेल आणि ताण साठलेला नसेल, तर कितीही पाणी भरा, भूकंप होत नाही. म्हणूनच जगातील हजारो मोठ्या धरणांपैकी शंभर-सव्वाशे ठिकाणीच असे धक्के नोंदले गेले आहेत. शास्त्रज्ञही आता धरणाने भूकंप 'निर्माण' होतो असे म्हणत नाहीत, तो 'चाळवला' जातो असे म्हणतात.

वारणेची साक्ष

कोयनेपासून दक्षिणेला सुमारे पंचवीस-तीस किलोमीटरवर आमच्या तालुक्यात चांदोलीचे धरण आहे. कोयनेच्या १०५ अब्ज घनफुटांपुढे त्याची साठवण लहान, म्हणजे ३४ अब्ज घनफुटांच्या आसपास. १९८५ पासून त्यात पाणी साठू लागले. १९९३ च्या अखेरीस आणि १९९४ च्या आरंभी वारणा परिसरातच पाच प्रतीच्या आसपासचे धक्के बसले. धक्क्यांचे क्षेत्र कोयनेकडून दक्षिणेकडे, म्हणजे आमच्याकडे, पसरलेले दिसून आले. निसर्गाने तोच प्रयोग शेजारच्या खोऱ्यात जणू पुन्हा करून दाखवला.

वारणावतीच्या भूकंपमापन केंद्राचे नाव धक्क्यानंतर वृत्तपत्रात येते, ते सर्वांनी वाचलेले असेल. अशा केंद्रांच्या अनेक वर्षांच्या नोंदींतून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. या भागातील बहुतेक सर्व धक्के सुमारे वीस किलोमीटर रुंद आणि तीस किलोमीटर लांब एवढ्याच टापूत होतात. त्यांची खोलीही फार नसते, बहुधा दहा किलोमीटरच्या आत. १९६७ पासून पाच वा अधिक प्रतीचे वीसहून अधिक भूकंप येथे झाले, आणि आसपासच्या मोठ्या परिसरात भूकंपाचे दुसरे केंद्र नाही. ठरलेली जागा, कमी खोली आणि वर्षानुवर्षे चालू असलेली हालचाल अशा तिन्ही गोष्टी एकत्र असलेले ठिकाण जगात दुर्मीळ आहे. म्हणूनच जगातील शास्त्रज्ञ आपल्या या डोंगराळ मुलखाला नैसर्गिक प्रयोगशाळा म्हणतात.

खडकाच्या पोटात

रोग्याची नाडी मनगटावर पाहता येते, पण दुखणे नेमके कळायचे तर पोटात पाहावे लागते. भूकंप खाली होतो आणि आपण तो वरून मोजतो, ही या शास्त्राची मोठी अडचण आहे. ती दूर करण्यासाठी भेगेच्या जवळपर्यंत विवर खोदण्याची कल्पना पुढे आली. जर्मनीने बव्हेरियात १९९४ पर्यंत नऊ किलोमीटरहून खोल विवर खोदले होते. अमेरिकेने कॅलिफोर्नियातील सॅन आंद्रियास भेगेत २००४ ते २००७ या काळात सुमारे तीन किलोमीटर खोलीवर भेगेच्या आरपार जाऊन तिचे खडक वर काढले.

असे काम अतिशय खर्चाचे व कौशल्याचे असते. एका देशाकडे पैसा असतो, दुसऱ्याकडे यंत्र, तिसऱ्याकडे अनुभव, आणि भूकंप मात्र चौथ्याच्याच जमिनीत होतो. त्यासाठी १९९६ मध्ये भूखंडांवरील शास्त्रीय खोदकामाचा एक आंतरराष्ट्रीय कार्यक्रम स्थापन झाला. त्याचे कार्यालय जर्मनीत पॉट्सडॅम येथे असून भारतही त्याचा सदस्य झाला. या कार्यक्रमाच्या वतीने कोयनेचा विचार करण्यासाठी मार्च २०११ मध्ये हैदराबाद व कोयना येथे आणि मे २०१४ मध्ये कोयनेत चर्चासत्रे झाली. देशोदेशींचे शास्त्रज्ञ आमच्या घाटांतून फिरले आणि कोठे, किती व कसे खोदावे हे सर्वांनी मिळून ठरवले.

प्रथम दीड किलोमीटरपर्यंतची काही विवरे खोदण्यात आली आणि त्यांतील काहींमध्ये भूकंपमापक सोडण्यात आले. वरच्या वाऱ्याचा, गाड्यांचा आणि माणसांचा गोंगाट तेथे पोहोचत नसल्याने अगदी बारीक धक्काही ऐकू येतो. त्यानंतर कोयनेच्या दक्षिणेस गोठणे येथे जून २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोलीचे विवर पूर्ण झाले. भारत सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने या कामासाठी कराड येथे स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली आहे.

गोठण्याच्या विवरात काय आढळले? वरचा सुमारे सव्वा किलोमीटर आपला नेहमीचा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे ते थर. त्याखाली एकदम त्याहून कितीतरी प्राचीन असा ग्रॅनाइट लागला. भूकंप होतात ते या ग्रॅनाइटमध्ये. आम्ही ज्या काळ्या खडकावर घरे बांधतो तो या नाट्याचा केवळ पडदा आहे. पात्रे त्याच्या मागे आहेत.

"बोअर मारून भुई आणखी जागी केली" असे कोणी म्हणते. त्यांना सांगावेसे वाटते की हे विवर द्रव दाबून भरण्यासाठी पाडलेले नाही. ते खालचा खडक तपासण्यासाठी आणि खालचे ऐकण्यासाठी आहे. वैद्याने छातीला नळी लावल्याने खोकला येत नसतो.

समाजाला काय मिळाले?

एवढे सारे करून भूकंपाची तारीख सांगता येते काय? नाही. आजमितीस जगातील कोणालाही ती सांगता येत नाही. कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. तरीही लाभ थोडा नाही.

पहिला लाभ धरणांना झाला. कोयना धरणातील त्या यंत्राची नोंद अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासली आणि भूकंपात काँक्रीटचे धरण कसे वाकते, तडा नेमका कोठे जातो, हे गणिताने दाखवले. आजही धरणाच्या गणिताची नवी पद्धत कोणी काढली की ती कोयनेच्या नोंदीवर पारखून पाहतात. खुद्द कोयना धरणाला मागच्या बाजूने काँक्रीटचे आधार देऊन बळकटी आणण्यात आली.

दुसरा लाभ पाणी भरण्याच्या रीतीचा. जलाशयाची पातळी आठवड्यात बारा मीटरांहून अधिक वेगाने चढली, तर कोयनेत मोठ्या धक्क्याचा संभव वाढतो, असे जुन्या नोंदींवरून गुप्ता यांनी दाखवले. पाऊस आपल्या हाती नाही, पण दरवाजे आपल्या हाती आहेत.

तिसरा लाभ घरांचा. १९७० मध्ये देशाच्या भूकंप-नकाशात दुरुस्ती होऊन कोयनेचा परिसर अधिक धोक्याच्या पट्ट्यात घेतला गेला आणि बांधकामाचे नियम त्यानुसार कडक झाले. परंतु हे नियम सरकारी इमारतीपर्यंत पोहोचले, दगडमातीच्या घरापर्यंत क्वचितच. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारा लांब दगड घालावा, छतावर मातीचा जाड थर देऊ नये आणि कोपरे नीट सांधावेत, या गोष्टींना फार मोठा खर्च येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत माणसे मेली ती मुख्यतः जाड दगडी भिंतींखाली व मातीच्या जड धाब्यांखाली चिरडून. ज्ञान जगभर फिरून आले, पण शेवटचे दोन कोस चालले नाही.

आपला वाटा

हे शेवटचे दोन कोस कोणी चालायचे? येथे मला आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा वाटा दिसतो. हे काम इंजिनियरांचे, आपण काय करणार, असे म्हणून चालणार नाही.

भूकंपाची प्रत यंत्र सांगते, पण कोणत्या गावात त्याची तीव्रता किती होती, हे माणसांना विचारूनच ठरते. झोपलेली माणसे जागी झाली का, भांडी पडली का, भिंतीला चीर गेली का, विहिरीचे पाणी बदलले का, अशा प्रश्नांवरून एक ते बारा असे अंश देतात. या मोजपट्टीचा १९६४ चा तक्ता एक रशियन, एक पूर्व जर्मन आणि एक चेक अशा तिघा शास्त्रज्ञांनी मिळून केला आणि भारतानेही तो वापरला. म्हणजे माझ्या आजीची आठवण ही केवळ गोष्ट नाही, ती एक शास्त्रीय नोंद आहे. ती कोणी विचारली आणि लिहून घेतली तरच.

१९६७ ची पहाट कळत्या वयात अनुभवलेली माणसे आता सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थी वारणा आणि मोरणा काठच्या बहुतेक गावांतून येतात. प्रत्येकाने आपल्या गावातील पाच वृद्धांना हे प्रश्न विचारून उत्तरे लिहून आणली, तर भूगोल, इतिहास आणि मराठी या तिन्ही विभागांना मिळून शिराळा तालुक्याचा एक भूकंप-नकाशा काढता येईल. आणि जाताना भिंतीतल्या आरपार दगडाची गोष्ट त्या घरी सांगून यावी, अगदी आपल्या बोलीत.

जगाने आपल्या खडकात विवर खोदून आपला प्रश्न आपलासा केला. त्याचे उत्तर आपल्या भाषेत आपल्या उंबऱ्यापर्यंत नेणे हे आपले काम आहे. आमच्या प्राध्यापकांनी मनावर घेतले, तर या उन्हाळ्याच्या सुट्टीतच त्याला आरंभ करता येईल. माझ्या गावातील पाच नावे मी आजच लिहून ठेवली आहेत.